तणाला परवानगी : महापालिकेच्या बागेतला एक पावसाळा

2024 च्या फेब्रुवारीत अर्ज केला आणि नोव्हेंबरच्या शेवटी अहवालाची प्रत आवक खिडकीत देऊन पोच घेतली. मधल्या काळात पुण्यातल्या आमच्या भागातल्या महापालिकेच्या एका बागेत आम्ही काही जणांनी मोबाइलवर फोटो काढून तिथल्या किड्यामुंग्यांची, कोळ्यांची, तणांची, पाखरांची रीतसर नोंद केली. बागेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, का ते पुढे येईल. मी पेशाने हिशेबाचं काम करणारी. जीवशास्त्राशी बारावीनंतर संबंध आला तो मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टपुरता. बाकीचे म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, वनस्पतिशास्त्र शिकणारी कॉलेजातली मुलगी, दोघे आयटीवाले आणि रोज फिरायला येणारे एक काका, ज्यांचा मूळ उद्देश आम्हाला तिथून हुसकावण्याचा होता. असलं काही आपल्याही भागात करावं असं वाटतंय पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी घडलं तसं लिहून काढते. फोटो काढणं हा यातला सगळ्यात सोपा भाग.

शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा कायदा आहे आणि त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. त्यामुळे बागेतला गुलमोहर, वर्षावृक्ष, सोनमोहोर कुठल्या ना कुठल्या यादीत असतो. त्याच झाडाच्या सालीत राहणारा कोळी किंवा बुंध्याशी उगवलेली घेटुळी मात्र कुणाच्या वहीत नसते. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला लोकांच्या मदतीने जैवविविधता नोंदवही करायला सांगितलंय, हे कॉलेजातल्या मुलीने आम्हाला सांगितलं. अर्जात तोच धागा धरला. सरकारी कागदात कायद्याचं नाव आणि साल असलं की तो कुठल्या फायलीला लावायचा हे वाचणाऱ्याला कळतं, एवढं माझ्या नोकरीने मला शिकवलंय.

बागेत मोबाइलने फोटो काढायला परवानगी कशाला, असं कुणीही म्हणेल. एकट्या माणसाने फुलाचा फोटो काढला तर कुणी विचारतही नाही. पण दर रविवारी सकाळी पाच-सहा माणसं झुडपात डोकं घालून उकिडवी बसायला लागली की रखवालदार येतोच, आणि त्याने यायलाच हवं. शिवाय आम्हाला आणखी एक गोष्ट हवी होती, ती कुठल्याच नियमात बसत नव्हती. बागेच्या मागच्या भिंतीला लागून, खतखड्ड्याच्या शेजारी जमिनीची एक पट्टी होती, तीसेक फूट लांब आणि आठेक फूट रुंद. एरंड, आघाडा, घाणेरी, गाजर गवत, सगळं तिथे माजलेलं. जानेवारीत नुसतं बघायला म्हणून फिरलो तेव्हा हिरवळीवर जे दिसलं नाही ते या पट्टीत दिसलं. ती पावसाळाभर कापू नका, अशी आमची विनंती होती. म्हणजे थोडक्यात तण राखायची लेखी परवानगी.

12 फेब्रुवारीला अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी विषय वाचला आणि म्हणाले, "मॅडम, शूटिंग असेल तर त्याचं शुल्क वेगळं."

"शूटिंग नाही हो. मुंग्यांचे फोटो काढायचेत."

"मुंग्यांचे?" त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. "अहो, मुंग्यांना परवानगी लागते का?"

हसणं झालं, पण मुद्दा त्यांचा बरोबर होता. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांमुळे 'छायाचित्रण' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर छत्र्या, फुगे आणि ट्रायपॉड येतात. त्यांनीच सुचवलं की विषयात 'अव्यावसायिक' आणि 'मोबाइलद्वारे' हे दोन शब्द घाला आणि सोबत हमीपत्र जोडा. ते साध्या कागदावर चाललं. त्यात लिहून दिलं ते असं: फोटोंचा व्यावसायिक वापर करणार नाही, बागेत येणाऱ्या माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो काढणार नाही, झाडाची फांदी तोडणार नाही, कुठलाही जीव पकडून नेणार नाही. जोडीला सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स, बागेचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यात लाल पेनने रंगवलेली ती पट्टी. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय हलू नका. पुढच्या प्रत्येक भेटीत तोच क्रमांक विचारतात. झेरॉक्स, प्रिंट, फाइल धरून खर्च दीडशेच्या आत.

मार्चमध्ये अर्ज सहीसाठी पुढे गेल्याचं कळलं. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. अर्ज कुठे अडला असं नाही, पण निम्मा स्टाफ निवडणुकीच्या कामाला आणि उरलेल्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. पुण्याचं मतदान 13 मेला, निकाल 4 जूनला. परवानगीचं पत्र हातात पडलं ते 14 जूनच्या तारखेचं. फेब्रुवारीत पेरलं ते जूनमध्ये उगवलं. तुम्हाला पावसाळ्यासाठी परवानगी हवी असेल तर डिसेंबरातच अर्ज टाका आणि त्या वर्षी कुठली निवडणूक आहे ते आधी बघा.

वाट बघण्याचे हे महिने वाया गेले नाहीत. आयनॅचरलिस्ट हे जीवांच्या नोंदी ठेवायचं ॲप कसं चालतं ते आम्ही याच काळात शिकलो. 2008 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून हे काढलं, आता ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. ॲप फुकट आहे. एका जीवाचा फोटो, तारीख आणि ठिकाण एवढं दिलं की झाली एक नोंद. मग जगभरातले जाणकार आणि हौशी लोक तिला नाव सुचवतात. दोन किंवा अधिक जणांचं जातीवर एकमत झालं, म्हणजे दोन तृतीयांशापेक्षा जास्त मतं एका बाजूला पडली, की ती नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते आणि पुढे जीबिफ या जागतिक साठ्यात जाऊ शकते, जिथून संशोधक ती उचलतात. जाऊ शकते म्हणते, कारण त्यासाठी नोंदीचा परवाना मोकळा लागतो. ॲपमध्ये मुळात जो परवाना निवडलेला असतो तो अव्यावसायिक वापराचा, आणि तो तिथे चालतो. आमच्या हमीपत्रातही तेच लिहिलेलं, म्हणून आम्ही तो बदललाच नाही.

यात एक अट आहे जी बागेत काम करणाऱ्याने पहिल्या दिवशीच समजून घ्यावी. माणसाने लावलेलं झाड संशोधनाच्या दर्जाला पोचत नाही. तगरीचं कुंपण, जास्वंद, कुंडीतली तुळस, गुलमोहर, हे सगळं 'लावलेलं' अशी खूण करून द्यायचं. उगवलेलं, उडत आलेलं, सरपटत आलेलं तेवढं धरायचं. एप्रिलमध्ये हे वाचून आमच्यातले दोघे नाराज झाले, कारण बागेत सगळं लावलेलंच तर असतं. मला उलट बरं वाटलं. ज्याला माळी तण म्हणतो आणि रखवालदार घाण म्हणतो, नेमकं तेच मोजायचं, असा त्याचा अर्थ होता. आमच्या पट्टीची बाजू आपोआप भक्कम झाली.

एप्रिल-मेच्या उन्हात फार काही मिळत नाही. हात बसायला मात्र तो काळ चांगला. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी जगभरातल्या शहरांत सिटी नेचर चॅलेंज नावाचा चार दिवसांचा उपक्रम होतो. अमेरिकेत तो वसंत असेल, आपल्याकडे त्या दिवसांत झाडाचं पानही जीव मुठीत धरून असतं. ओळखपाळख आणि सराव म्हणून जरूर भाग घ्या, पण आपल्या बागेत काय आहे ते त्यावरून ठरवू नका. पुण्यातल्या बागेचा हंगाम जून ते ऑक्टोबर.

सरावात जे उमगलं ते इथेच सांगते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवा, नाहीतर फोटो सुंदर आणि पत्ता शून्य. दुसऱ्याने काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की त्यातली तारीख आणि ठिकाण गळून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकतं. मोबाइलला चिमट्यासारखी लागणारी मॅक्रो भिंग ऑनलाइन साडेसातशेला मिळाली, ती आलटून पालटून वापरली. ती लावल्यावर किड्याच्या अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं, म्हणून सकाळी सात ते नऊची वेळ धरायची. गारव्यात किडे सुस्त असतात, उडून जात नाहीत. मापासाठी नाणं ठेवू नका, आपल्याकडे रुपयाच्या नाण्यांचेच किती आकार झालेत. कागदी पट्टीचा तुकडा खिशात ठेवा. आणि एकाच जीवाचे चार-पाच फोटो एकाच नोंदीत घाला, प्रत्येकाची वेगळी नोंद करू नका.

कुठल्या बाजूने काढायचा, हे जीवागणिक बदलतं. झाडोऱ्याचं फूल, पानाची वरची आणि खालची बाजू, खोड आणि अख्खं झाड. कोळ्याची पाठ आणि समोरून डोळे. मुंगीची बाजू, म्हणजे कमरेच्या गाठी दिसतात. भूछत्राची खालची बाजू. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडे, दोन्ही. त्या निळ्या चिमुकल्या फुलपाखरांचं तर मिटल्या पंखांवरच्या ठिपक्यांशिवाय कुणी नावच घेत नाही. वरून काढलेला निळाजांभळा सुरेख फोटो असेल, त्याखाली सगळे 'ब्लूंच्या कुळातलं काहीतरी' एवढंच लिहून पुढे जातात.

जूनच्या सुरुवातीला पुण्यात दणकून पाऊस झाला आणि परवानगीच्या पत्रापर्यंत पट्टी गुडघाभर वाढली होती. आता प्रश्न देखभालीच्या ठेक्याचा. गवत कापणाऱ्या माणसांना आमचं पत्र कुठून माहीत असणार? माळीमामांनी सांगितलं, "ताई, पत्र हापिसात राहतं, मशीन हितं येतं." म्हणून पत्राची प्रत लॅमिनेट करून रखवालदाराच्या खोलीत लावली, पट्टीला सुतळी बांधली आणि 'अभ्यासासाठी राखीव, गवत कापू नये' असा फलक लावला. फलक, सुतळी, बांबू मिळून सहाशे रुपये. पायवाटेकडचं दोन फूट गवत मात्र नियमित कापायचं, असं मामांनी घातलेलं पथ्य पाळलं. साप निघाला तर लोक पहिल्यांदा त्यांनाच धरणार होते. आमचे ते फिरायला येणारे काकाही याच मुद्द्यावर भांडायला आले होते. डासांचाही मुद्दा त्यांनी मांडला, आणि तो खोटा नव्हता.

कारण जूनच्या अखेरीस पुण्यात झिकाचे, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या तापाचे रुग्ण सापडायला लागले. भागाभागात धूरफवारणी सुरू झाली, बागेतही झाली. फवारणीनंतरच्या रविवारी पट्टी गप्प होती. कोळ्यांची जाळी होती, जाळ्यात कुणी नव्हतं. आपण विरोध करायचा का, यावर आमच्यात वाद झाला. मी म्हटलं, गरोदर बायकांच्या पोटातल्या बाळांचा प्रश्न असताना नाकतोड्यांची बाजू घेऊन आरोग्य विभागाकडे जायचं नाही. त्याऐवजी काकांसकट सगळ्यांनी मिळून बागेतलं साठलेलं पाणी शोधलं. कुंड्यांखालच्या ताटल्या, फुटके नळ, कारंज्याचा बंद हौद. पट्टीत पाणी कुठेच साठत नव्हतं, ते काकांनी स्वतः पाहिलं. त्या दिवसापासून ते आमच्यात. फवारणीच्या तारखा मात्र नोंदींच्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहून ठेवल्या. पुढे कुणी आकडे बघून 'जुलैत कीटक कमी का' असं विचारलं तर उत्तर तिथेच आहे.

जुलैचा शेवटचा पूर्ण आठवडा जगभर पतंग सप्ताह म्हणून पाळतात, पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येणारे. 2024 मध्ये तो 20 ते 28 जुलै असा होता. रात्री बागेत थांबायची परवानगी नव्हती, म्हणून आमच्या सोसायटीच्या गच्चीच्या जिन्यात जुनी पांढरी चादर टांगून दिवा लावायचं ठरलं. 25 तारखेला शहरात जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, नदीकाठच्या सोसायट्यांत माणसं अडकलेली. आमच्यातल्या एकाच्या बहिणीचं घर त्यातच होतं. पतंग राहिले बाजूला. नंतर उरलेल्या रात्रींत थोडं फार मिळालं. चादरीपेक्षा सोपी युक्ती म्हणजे पहाटे पार्किंगमधल्या ट्यूबलाइटच्या आसपासची भिंत बघायची. रात्रभर आलेले पतंग तिथे बसलेले असतात, पालींनी ठेवले असतील तेवढे. चादर लावलीच तर दोनेक तासांनी दिवा बंद करावा, त्यांनाही त्यांची कामं असतात.

आता मामांविषयी. आमच्यातला सगळ्यात चांगला निरीक्षक तेच, फक्त त्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी हाक मारून तगरीच्या कुंपणापाशी नेलं. पानं जिकडे खाल्लेली होती तिकडे न बघता त्यांनी खाली जमिनीवर बोट दाखवलं. लेंड्या. काळपट, मिरीएवढ्या. "लेंडी ताजी हाय, म्हंजी अळी बराबर वर हाय." आणि होती. बोटाएवढी जाड, हिरवीगार, अंगाच्या बाजूने पांढरा पट्टा, पट्ट्याच्या आजूबाजूला पांढरे बारीक ठिपके, शेपटाशी आखूड पिवळसर शिंग. मी भिंग जवळ नेली तशी तिने डोकं आत ओढून घेतलं, पुढचा भाग फुगवला, आणि तिथे काळ्या कडेचे निळेपांढरे दोन डोळे उघडले. डोळे नव्हेतच ते, नुसती नक्षी. पण मी हात मागे घेतला हे खरं. ही ऑलिएंडर हॉकमॉथ या पतंगाची अळी. कण्हेर आणि तगर, दोन्ही विषारी चिकाची झाडं, ती तिचं खाणं.

मामा एरवी या अळ्या वेचून टाकतात, त्यांना तसं सांगितलेलंच आहे. त्यांनी विचारलं, ही पुढं काय होते? पतंगाचा फोटो दाखवला, हिरव्या-गुलाबी लाटांचा. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे तर मी दिव्याखाली बघितलंय, दोन्ही एकच हे माहीत नव्हतं. काही दिवसांनी अळी तपकिरी पडली आणि खाली उतरून वाळक्या पानांत शिरली. कोष तिथेच होतो. म्हणजे कुंपणाखालचा पालापाचोळा रोज झाडून नेला तर पतंग होणारच नाही. हे मामांना सांगावं लागलं नाही, ते आपणहोऊन म्हणाले की एवढा भाग मी सावकाश झाडतो.

पट्टीतल्या बाकीच्या गोष्टी अशाच एकमेकींत अडकलेल्या निघाल्या. एरंडावर कॉमन कॅस्टर फुलपाखराच्या अळ्या. हिरवळीत माळी जी आंबुटी उपटून टाकतात, तिच्यावर पेल ग्रास ब्लूच्या अळ्या वाढतात. गाजर गवतावर क्रीम रंगाचे, पाठीवर तपकिरी रेघा असलेले भुंगे. हे मेक्सिकन भुंगे, गाजर गवत खाण्यासाठी 1980 च्या दशकात मुद्दाम भारतात आणलेले. ते गवतही परदेशीच, आणि भारतात त्याची पहिली ठळक नोंद 1950 च्या दशकात झाली ती आपल्या पुण्यातच. (गाजर गवतात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. शिक्षिकाबाईंच्या हातांवर पुरळ आला तो पंधरा दिवस टिकला, डॉक्टर आणि मलम मिळून सातशे रुपये.) खतखड्ड्यापाशी आफ्रिकन गोगलगायी होत्या, भल्यामोठ्या. त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, हा नियम मुलांसाठी आधीच करून ठेवला होता.

फुलपाखरांचा जोर सप्टेंबरात. राज्याचं फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, बागेत आलं ते लिंबाच्या झाडापाशी घिरट्या घालून निघून गेलं. फोटो नाही, नोंद नाही. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मात्र व्यवस्थित मिळाली. ती लहान असताना जात सांगता येत नाही, तेव्हा नोंद गटापर्यंतच ठेवली. ॲप फोटो बघून लगेच नाव सुचवतं, कधीकधी अमेरिकेतलं. ते आपल्याकडे मिळतं का हे बघितल्याशिवाय दाबू नका. खात्री असेल तेवढंच लिहा, 'कोळी' एवढं लिहिलं तरी चालतं. पुढचं ओळखणारे बघतात.

गणपती 7 सप्टेंबरला बसले. आदल्या दोन दिवसांत आमच्या सुतळीपाशी माणसांची रांग. आघाडा, माका, दुर्वा, विष्णुक्रांत, रुई. बाजारात जी पत्री वीस-तीस रुपयांना पुडीत घेतात त्यातली निम्मी इथे उभी होती. वर्षभर 'ते जंगल काढा' म्हणणाऱ्या बायका काळजीपूर्वक दोन-दोन पानं खुडून घेऊन गेल्या. शिक्षिकाबाईंनी हरकत घ्यायचं म्हटलं, पण मी त्यांना थांबवलं. बागेत तण कशाला, या प्रश्नाला एवढं चांगलं उत्तर मला अर्जात लिहिता आलं नव्हतं. नंतर त्यातल्याच एकीने बागेच्या तक्रारवहीत पट्टी ठेवावी असं लिहिलं.

नोंदी वाढल्या तसा ॲपवर बागेच्या नावाने वेगळा प्रकल्प काढायचा होता. त्यासाठी आपल्या नावावर किमान 50 पडताळण्याजोग्या नोंदी (फोटो, तारीख, ठिकाण असलेल्या आणि 'लावलेलं' नसलेल्या) लागतात, हे लक्षात ठेवून सुरुवातीला सगळ्यांनी एकाच्या खात्यावर भर दिलेला बरा. नकाशावर बागेची हद्द आखली की आतल्या नोंदी आपोआप गोळा होतात. पण दाट झाडाखाली मोबाइलचं ठिकाण भरकटतं आणि नोंद रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊन पडते. महिन्यातून एकदा बसून ते ठिपके जागेवर आणायचे.

बागेचं नाव का लपवलं, तर एका जुन्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांची, म्हणजे छोट्या घुबडांची जोडी आहे. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास घुबडांचा चोरटा व्यापार वाढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आयनॅचरलिस्टवर ठिकाण झाकायची सोय आहे. ती निवडली की खऱ्या जागेऐवजी साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनातला कुठलातरी ठिपका दिसतो. पिंगळ्यांच्या नोंदी आम्ही तशा झाकल्या, पण मग प्रकल्पाच्या नावातच बाग असेल तर झाकून काय उपयोग? म्हणून त्या नोंदी प्रकल्पात येणार नाहीत याची काळजी घेतली. घरच्या गॅलरीतल्या नोंदींनाही हीच सोय वापरा, नाहीतर तुमचा पत्ता तुम्हीच जगाला देताय.

परवानगी 31 ऑक्टोबरपर्यंत होती. मुदतवाढ मागायला गेले तोवर 15 ऑक्टोबर उजाडला आणि विधानसभेची आचारसंहिता. खिडकीवरचे तेच गृहस्थ मला बघून म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुंग्यांचा आणि निवडणूक आयोगाचा काहीतरी संबंध आहे." मुदतवाढीचा नाद सोडला. नाहीतरी गवत वाळायला लागलं होतं.

अहवाल लिहिणं कंटाळवाणं निघालं. चारशेच्या आसपास नोंदी, त्यातल्या निम्म्यांहून कमी संशोधनाच्या दर्जाला पोचलेल्या. फुलपाखरं, पक्षी लगेच ओळखले जातात. माश्या, मुंग्या, गवतं महिनोन्महिने पडून राहतात. इंग्रजी यादी जशीच्या तशी न देता आम्ही मराठी नावांचा रकाना पहिला ठेवला. मामांनी सांगितलेली नावं तशीच लिहिली, केना, पाथरी, आघाडा, घेटुळी. फोटो रंगीत हवेत म्हणून प्रिंटला नऊशे रुपये गेले, हा सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च. शेवटचं पान एका परिच्छेदाचं: पट्टी कुठली, कधी कापायची, कधी नाही, तगरीखालचा पाला कधी झाडायचा. अधिकाऱ्यांनी तेवढंच पान वाचलं असावं. एक प्रत उद्यान विभागाला, एक नोंदवहीचं काम बघणाऱ्या जैवविविधता समितीच्या नावाने. दोन्हींवर शिक्के घेतले.

अधिकाऱ्यांनी एक कामाची गोष्ट सांगितली. देखभालीचं काम नव्याने देताना अटी ठरतात, तेव्हा ही पट्टी त्या अटींत घालायची असेल तर विनंती त्याआधी यायला हवी. एकदा काम दिलं की ठेकेदाराला ते बंधनकारक करता येत नाही. तसा अर्ज डिसेंबरातच दिला. त्याच्या हमीपत्रात आणखी एक ओळ घातली आहे: पट्टीत पाणी साठू देणार नाही आणि दर आठवड्याला तपासू. ती ओळ काकांची.

दोन गवतांच्या नोंदी अजून नावाशिवाय पडल्यात. तुऱ्याचे फोटो आहेत, पण ओळखणाऱ्यांनी पातं आणि खोड जिथे जुळतं तिथली बारीक पापुद्र्यासारखी पट्टी मागितली आहे, आणि ती आमच्या एकाही फोटोत नाही. ऑगस्टमध्ये ते गवत पुन्हा तुऱ्यावर येईल तेव्हा भिंग त्या सांध्याला लावायची, असं मामांनाही सांगून ठेवलंय.